फूल व्हायचं की पान, हे झाडात कोण ठरवतं?

शेजारच्या काकाजींच्या वावरात विहिरीला लागून वांग्याच्या चार ओळी आहेत. घरापुरत्या, उरलंच तर आर्वीच्या बाजारात. दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला बांधावरूनच हाक मारली. "मास्तर, याले का झालं पाहा बरं. दोन महिने झाले, पाणी पेते, खत खाते, अन् फूल नाही. नुसती पानंच पानं."

झाड जवळून पाहिलं. शेजारच्या झाडाचं पान तळहाताहून मोठं, खरखरीत, शिरेवर काटे. याची पानं करंगळीच्या नखाएवढी, पिवळसर, मऊ, देठ जवळजवळ नाहीच. एकेका पेरावर पानांचा झुबका. शेंड्याला जिथे जांभळं फूल दिसायला हवं तिथे हिरवट, पानासारखंच काहीतरी गुंडाळून बसलेलं.

हा बोकड्या. पुस्तकात त्याला पर्णगुच्छ म्हणतात. उपाय सांगायला वेळ लागत नाही: झाड उपटा, वावराबाहेर नेऊन जाळा, तुडतुडे आवरा. तेवढं सांगून मी निघणार होतो. पण काकाजी म्हणाले, "उपटतो जी. पण याचं फूल गेलं कुठं?"

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. याचं उत्तर गेल्या पस्तीसेक वर्षांत शोधलं गेलं आहे, आणि ज्या बातमीवरून आमच्या गावच्या व्हॉट्सअॅपवर वाद चालतो त्या बातमीचं मूळही तिथेच आहे. ४ मे २०२५ ला दिल्लीत भाताचे दोन 'जनुक-संपादित' वाण जाहीर झाले. तेव्हापासून 'जनुक' हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवर पोचला. कुणी म्हणतं चमत्कार झाला, कुणी म्हणतं विष आलं. दोघांनाही आधी वांग्याच्या ओळीत उभं करावं म्हणतो.

हजेरीबुक सगळ्यांकडे, पण नावं पुकारतं कोण?

वांग्याच्या मुळाच्या टोकाची पेशी घ्या नाहीतर पाकळीची, दोन्हींतला डीएनए सारखाच. पानाचा वेगळा, फुलाचा वेगळा असं काही नसतं. डीएनएचा कामाचा एकेक तुकडा म्हणजे जनुक, आणि बहुतेक जनुकं कुठलं तरी प्रथिन कसं बनवायचं ते सांगतात. टोमॅटोचा, म्हणजे आमच्याकडच्या भेदराचा, सगळा डीएनए २०१२ साली वाचून झाला. बारा गुणसूत्रं आणि सुमारे ३५,००० जनुकं निघाली. त्यातल्या पाचव्या गुणसूत्राचं काम भारतातल्या संस्थांकडे होतं. वांगं हे भेदराचं सख्खं सोयरं, त्यामुळे एकाचं कळलं की दुसऱ्याचं बरंच कळतं.

आता पेच असा की ३५,००० नावांचं हजेरीबुक जर प्रत्येक पेशीत आहे, तर पाकळीत फक्त पाकळीचेच मजूर कामाला येतात हे कसं? सगळे एकदम आले तर कापूस वेचायच्या दिवशी निम्मी माणसं वखर घेऊन उभी राहायची.

आपल्याकडे हे काम मुकादम करतो. तो स्वतः कापूस वेचत नाही. सकाळी चौकात उभा राहतो आणि "तू, तू अन् तू चला, बाकीच्यांना आज काम नाही" म्हणतो. पेशीतही असे मुकादम असतात. ती प्रथिनंच असतात. डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारच्या जनुकाला कामाला लावतात किंवा घरी बसवतात. शास्त्रज्ञ त्यांना 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर' म्हणतात. हा शब्द इथे एकदा येऊन गेला, आता पुन्हा नाही. मी मुकादमच म्हणणार.

मुकादमाचं नावही त्याच हजेरीबुकात असतं, ही त्यातली मेख. त्यालाही दुसरा कुणी मुकादम हाक मारतो, त्याला तिसरा. म्हणून वरचा एक मुकादम आजारी पडला तर एक मजूर कमी होत नाही, सगळं वावर रिकामं राहतं.

एका घराण्याची गोष्ट

मुकादमांची घराणी असतात. ज्या हातानं ते डीएनए धरतात त्या हाताची ठेवण घराण्याघराण्यात वेगळी. भाजीपाल्याच्या फुला-फळांत ज्याचा सगळ्यात जास्त हात आहे ते घराणं म्हणजे 'मॅड्स-बॉक्स'. नाव ऐकून हसू येतं, पण ते चार सदस्यांच्या आद्याक्षरांवरून आलं आहे. एम हा यीस्टमधला, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीतला. ए हा अॅराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या नात्यातल्या वीतभर रानझाडातला. डी हा बागेतल्या स्नॅपड्रॅगन फुलातला. आणि एस माणसातला. होय, आपल्यातला. १९९० च्या सुमारास लक्षात आलं की या चौघांच्या जनुकांत सुमारे १८० अक्षरांचा एक पट्टा जवळजवळ सारखा आहे. (डीएनए ए, टी, सी, जी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो.) तो पट्टा म्हणजे 'बॉक्स', आणि त्यातूनच डीएनए धरणारा हात बनतो.

हा हात डीएनएवर एक खूण शोधतो. दहा अक्षरांची: पुढे दोन सी, मागे दोन जी, मधली सहा अक्षरं ए किंवा टी. बाजारात गाठोड्यावरची गाठ पाहून आपलं गाठोडं ओळखावं, तसं.

अॅराबिडॉप्सिसमध्ये या घराण्याचे शंभरावर सदस्य आहेत, भेदरात सुमारे १३०. आणखी एक सवय सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. फुलाच्या कामात हे मुकादम सहसा एकटे जात नाहीत, चौघं मिळून जातात. घरातली बाज हलवताना चार पायांना चार जण लागतात तसं. चौघांत कोण कोण आहे यावर बाज कुठल्या खोलीत जाणार ते ठरतं.

वांग्याचं एक फूल उकलून पाहा

वाचणं थांबवून एक फूल तोडून आणता आलं तर बरं. वांग्याचं मिळालं तर उत्तम, भेंडीचंही चालेल.

बाहेरून आत चार कडी असतात. सगळ्यात बाहेर हिरवी, काटेरी टोपी. ती फळ धरलं तरी जात नाही, भरलेल्या वांग्याच्या डोक्यावर आपण जी ठेवतो तीच. तिच्या आत जांभळ्या पाकळ्या, खाली एकमेकींना जोडलेल्या. मग पिवळे, जाडसर पुंकेसर, हळकुंडाच्या तुकड्यांसारखे उभे. आणि त्यांच्या मधोमध एक हिरवी काडी, जिच्या बुडाशी पुढचं वांगं बसलेलं असतं. (ही काडी पुंकेसरांच्या वर डोकावत असेल तर फळ धरण्याची आशा, आत दडलेली असेल तर ते फूल बहुधा गळतं. पावसाळ्यात फुलं गळतात त्याचं सगळं खापर ढगाळ हवेवर फोडण्याआधी हे पाहावं.)

चार कडी, पण त्यांचा हिशेब तीनच अक्षरांत बसतो. १९९१ साली एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ या दोघांनी तो मांडला. मुकादमांचे तीन गट धरा: अ, ब आणि क. एकटा अ असेल तिथे हिरवी टोपी. अ आणि ब मिळाले की पाकळी. ब आणि क मिळाले की पुंकेसर. एकटा क, तिथे मधली काडी आणि पुढे फळ.

खरी मजा गट गायब झाल्यावर दिसते. क गेला की अ त्याची जागा घेतो. पुंकेसराच्या जागी पाकळ्या येतात आणि मधे काडीऐवजी पुन्हा एक फूल सुरू होतं. हे ऐकायला जादूटोण्यासारखं वाटेल, पण देवळाबाहेर आपण ते रोज विकत घेतो. रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात; बाजारातला गच्च गुलाब झाला तो क गटाचा मुकादम मधल्या एवढ्याशा जागेत कोंडला गेल्यामुळे. पुंकेसर व्हायचे ते पाकळ्या होऊन बसले. माळ्यांनी शेकडो वर्षं हा बिघाडच निवडून निवडून जपला आहे.

एक चौथा गटही आहे. २००० साली लक्षात आलं की अ, ब, क यांच्याबरोबर दर वेळी आणखी एक सोबती लागतो, बाजेचा चौथा पाय धरणारा. २००४ मध्ये अॅराबिडॉप्सिसमधले या गटाचे चारही मुकादम बंद करून पाहिले. फुलाच्या जागी आलं काय? पानं. चारही कड्यांत पानंच. गटे नावाच्या जर्मन कवीनं १७९० मध्ये लिहून ठेवलं होतं की फुलाचा प्रत्येक भाग मुळात पानच आहे. त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शकापेक्षा निरीक्षण जास्त होतं, आणि तो बरोबर निघाला.

म्हणजे झाडाची मूळ सवय पान काढण्याची. फूल काढायला चौघांनी येऊन बाज उचलावी लागते.

मग काकाजींचं फूल गेलं कुठं?

बोकड्या हा ना कीड, ना बुरशी, ना झाडात काही कमी. तो फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूचा प्रताप आहे. या जिवाणूला स्वतःची पेशीभित्तीसुद्धा नाही. झाडाच्या ज्या नळ्यांतून साखर वाहते त्यांत तो राहतो आणि तुडतुड्याच्या तोंडातून एका झाडाहून दुसऱ्या झाडावर जातो. तिळात फुलाच्या जागी हिरवी पानं येतात, तेही याच जातकुळीचं काम.

इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरमध्ये साशा होगेनहाउट यांच्या प्रयोगशाळेनं या कुळातल्या एका जिवाणूवर बारीक काम केलं आहे. तो जिवाणू एक छोटं प्रथिन सोडतो, सॅप-५४ नावाचं. हे प्रथिन थेट मॅड्स घराण्यातल्या मुकादमांना गाठतं आणि त्यांना पेशीतल्या कचरा दळणाऱ्या यंत्रात ढकलतं. मुकादम संपले की बाज उचलायला कुणी नाही, आणि झाड आपल्या मूळ सवयीवर जातं. फुलाच्या जागी पान.

त्याच जिवाणूचं दुसरं एक प्रथिन, सॅप-११, वेगळ्याच घराण्यातल्या मुकादमांचा काटा काढतं, आणि त्यातून झाड झुबक्याझुबक्यानं फुटतं. वांग्यातला फायटोप्लाझ्मा हा त्या जिवाणूचा भाऊबंद, आणि काकाजींच्या झाडावर ही दोन्ही लक्षणं एकत्र उभी होती.

जिवाणूला यात काय मिळतं? फूल आलं, फळ पिकलं की झाडाचं आयुष्य उताराला लागतं. फूलच आलं नाही तर झाड कोवळंच राहतं, हिरवंच राहतं. प्रयोगात अॅराबिडॉप्सिसच्या झाडांत नुसतं सॅप-५४ घातलं, तरी तुडतुड्यांनी त्या झाडांवर जास्त अंडी घातली. म्हणजे ज्या गाडीतून पुढच्या गावी जायचं, ती गाडीच दारात बोलावून घ्यायची. मी हे काकाजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे झाड माह्यं, पाणी माह्यं, अन् मुकादमी त्याची."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

न पिकणारं भेदर

आता माझ्या स्वतःच्या मूर्खपणाकडे येतो. काही वर्षांपूर्वी बाजारातून आणलेली भेदरं पंधरा दिवस टोपलीत पडून होती आणि तरी टणक. घरच्यांनी "रबराची आहेत का" म्हणून नावं ठेवली. मला मात्र हाव सुटली. त्यांतल्याच एकाचं बी काढून परसात लावलं. अकरा झाडं जगली. आठ झाडांची फळं सरळ लाल झाली. तीन झाडांची फळं भरली, मोठी झाली, हिरव्याची फिकट पिवळी झाली आणि तिथेच थांबली. पानं वाळून गेली तरी फळं लिंबाच्या रंगाची लटकलेली. मी खत बदललं, पाणी बदललं, शेवटी नशिबाला बोल लावला.

दोष बियाण्यात नव्हता आणि विकणाऱ्याचाही नव्हता. गणित माझं कच्चं होतं.

भेदर पिकतं ते इथिलीन नावाच्या वायूनं. फळ तो स्वतः तयार करतं. पण तो वायू तयार करणारे, साल मऊ करणारे आणि लाल रंग भरणारे मजूर एकदम कामाला लावायला एक मोठा मुकादम लागतो. त्याचं नाव रिन, आणि तो मॅड्स घराण्यातल्या त्या चौथ्या, सोबती गटातला. ज्याच्यात हा मुकादम बिघडलेला आहे असं न पिकणारं झाड १९६० च्या दशकात सापडलं. बिघाड रिनमध्ये आहे हे जनुकाच्या पातळीवर कळलं २००२ साली. झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. रिनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर फळ लालच होत नाही. पण एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असेल तर फळ पिकतं, हळूहळू पिकतं आणि जास्त दिवस टिकतं. टिकाऊ संकरित भेदरांत ही युक्ती जगभर वापरली गेली आहे.

अशा संकरित फळाचं बी लावलं की पुढच्या पिढीत दर चारांत एका झाडाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. अकरात तीन. माझा परस हिशेबाला पक्का होता.

पण या गोष्टीला २०१७ मध्ये एक वळण मिळालं. जपानी शास्त्रज्ञांनी चांगल्या भेदरातला रिन मुळापासून कापून टाकला. पंधरा वर्षांच्या समजुतीप्रमाणे ते फळ हिरवंच राहायला हवं होतं. ते पिकायला लागलं! पूर्ण लाल नाही, पण नारिंगी झालं. मग उलगडलं की जुन्या झाडात रिन नुसता गैरहजर नव्हता. डीएनएचा मधला तुकडा गळून तो शेजारच्या मुकादमाला चिकटला होता, आणि हा जोड-मुकादम मजुरांना उलट घरी पाठवत होता. मुकादम नसणं वेगळं आणि दारू पिऊन चौकात उभा राहिलेला मुकादम वेगळा, हे आपल्याला सांगायला नको. पाठ्यपुस्तकात मात्र दोन्ही एकच समजून चालले होते.

देठावरची गाठ

भेदर तोडताना अंगठा आपोआप कुठे जातो ते पाहा. फळाच्या वर, देठाच्या मधोमध एक गाठ असते. तिथे दाबलं की कट्कन तुटतं. पण त्यामुळे टोपी आणि देठाचा तुकडा फळालाच राहतो, आणि क्रेटमध्ये तो शेजारच्या फळात घुसतो. आठवडी बाजारात सकाळी उतरवलेल्या क्रेटच्या तळाशी जी भोकं पडलेली, पाणी सुटलेली फळं निघतात, त्यांतली बरीच या तुकड्याची कमाई.

गॅलापागोस बेटांवरच्या एका रानभेदरात ही गाठ नाही. फळ ओढलं की टोपी झाडावर, फळ हातात. यंत्रानं तोडणाऱ्या देशांना हे सोनंच वाटलं. तो गुण शेतातल्या वाणांत आणायला गेले, तर काही वाणांत फुलाचा घोस झाडूसारखा फुटायला लागला. फांद्याच फांद्या, फुलं भरमसाट, फळं मोजकी. कारण कळेना.

२०१७ मध्ये अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या झॅकरी लिपमन यांच्या गटानं ते उलगडलं. गाठ नसणं हा मॅड्स घराण्यातल्या एका मुकादमाचा बिघाड. त्याचा एक चुलत भाऊ आहे, जो टोपीचा आकार आणि घोसाच्या फांद्या सांभाळतो. माणसानं भेदर पाळीव करताना मोठ्या टोपीची झाडं निवडली, तेव्हाच हा चुलत भाऊ नकळत अर्धा दुबळा झाला होता. एक भाऊ दुबळा असला तरी दुसरा सांभाळून घेत होता. दोघंही गेले आणि घर विस्कटलं.

फवारणी करणाऱ्याला हे लगेच पटेल. हे औषध चांगलं, तेही औषध चांगलं. एका टाकीत ओतलं की फाटतं.

अडकलेलं फूल आणि थंडीची आठवण

फुलकोबीचा गड्डा हे फूल नाही. फूल व्हायला निघालेले कोंब आहेत, ज्यांना वाटेत परत फिरवलं जातं. प्रत्येक कोंब म्हणतो मी फूल होतो, होत नाही, आणि त्याच्या बाजूला नवा कोंब तेच म्हणायला लागतो. असे लाखो. गड्ड्याचा एक तुरा मोडला तर तो छोटा गड्डाच दिसतो, त्याचा तुकडा आणखी छोटा गड्डा. यामागेही फुलाच्या वाटेवरच्या मॅड्स मुकादमांची अडखळ आहे. एका जनुकाचं नावच 'कॉलिफ्लॉवर' आहे. हा नमुना कसा उमटतो त्याचा पुरा हिशेब फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला.

पानकोबीचं कोडं वेगळं. आमच्याकडे पानकोबी हिवाळ्यात झकास येते, पण तिचं बी घरचं धरलेलं मी कुणाकडे पाहिलं नाही. फुलावरच येत नाही ती. तिच्यात एफएलसी नावाचा, याच घराण्यातला मुकादम बसलेला असतो, आणि तो कामाला लावणारा नव्हे, अडवणारा. फूल काढू नका, एवढंच त्याचं म्हणणं. आठवडेच्या आठवडे सलग थंडी सोसली की तो गप्प होतो, आणि थंडी गेल्यावरही गप्पच राहतो. झाडाला मेंदू नाही, तरी हिवाळा होऊन गेल्याची आठवण पेशींत राहते. विदर्भातला हिवाळा रात्री गारठा देतो आणि दुपारी पुन्हा ऊन. या मुकादमाला तेवढ्यानं झोप लागत नाही. म्हणून पानकोबीचं बी थंड डोंगराळ मुलखात, हिमाचलात कुल्लूच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी तयार होतं. तिथल्या कटराईनला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र याच कामासाठी आहे.

"जनुक-संपादन हे बीटीचंच दुसरं नाव आहे ना?"

नाही, आणि हा फरक टपरीवर नीट सांगायला हवा. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात आणलं गेलं. बाहेरगावचा मजूर आणून कायमचा वसवला म्हणा. बीटी वांग्यातही तेच होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला तांत्रिक मंजुरी मिळाली, मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. एक नागपूरलाही झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती जाहीर केली. ती अजून उठलेली नाही.

जनुक-संपादनात बाहेरचं कुणी आणावं लागत नाही. हजेरीबुकातल्या आहे त्याच नावावर खाडाखोड करायची. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ज्या संपादित झाडांत परकं जनुक उरत नाही त्यांना जीएमच्या, म्हणजे बीटीसारखं परकं जनुक घातलेल्या पिकांच्या, काही कडक नियमांतून मोकळं केलं. मे २०२५ च्या दोन भातांपैकी 'पुसा डीएसटी राइस १' हा त्यातूनच आला. एमटीयू-१०१० या जुन्या वाणातला डीएसटी नावाचा मुकादम त्यात निकामी केला आहे. तो मॅड्स घराण्यातला नाही, दुसऱ्या घराण्यातला. तो गेला की पानावरची छिद्रं कमी होतात, पाणी कमी उडतं, आणि झाड कोरडेपणा व क्षार जास्त सोसतं.

तरीही "खाडाखोडच तर केली" म्हणून निर्धास्त व्हावं असं मला वाटत नाही. देठाच्या गाठीची गोष्ट त्यासाठीच एवढी लांबवली. मुकादम हलवला की दहा ठिकाणी हलतं, आणि ते प्रयोगशाळेत नाही तर वावरात, दोन-चार हंगामांत, वेगवेगळ्या मातीत दिसतं. प्रत्यक्ष चाचण्यांचे आकडे सगळ्यांपुढे ठेवा, ही मागणी अडाणीपणाची नाही.

"पण खाल्ल्यावर हे जनुक आपल्यात शिरणार नाही?"

आजवर पंगतीत वांगे-आलूच्या भाजीबरोबर जितकी जनुकं खाल्ली तितकी कुणी मोजलेली नाहीत. वांग्याची, आलूची, सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची, वर पडलेल्या माशीचीही. पोटात सगळ्यांचा चुरा होतो. आणि मॅड्स घराण्याला घाबरायचं तर आधी स्वतःला घाबरावं लागेल. नावातला एस आपल्या हृदयाच्या स्नायूंत आत्ताही काम करतो आहे. वांग्याचा मुकादम आपल्या पेशीत हुकूम चालवत नाही.

खाण्याबद्दलचा रास्त प्रश्न वेगळा आहे: बदललेल्या झाडात एखादं कडू किंवा घातक द्रव्य वाढलं का? तो प्रश्न प्रत्येक नव्या वाणाला विचारावा, मग ते संकरातून आलेलं असो की संपादनातून.

"चव कुठं गेली, ते सांगा"

हा प्रश्न काकीजींचा. त्यांच्या मते भेदराला चव होती ती गावरानीत, आणि खूण एकच: पिकायच्या आधी फळाच्या खांद्यावर गडद हिरवा पट्टा. विकतच्या भेदरावर तो नसतो, सगळं फळ एकसारखं फिकट हिरवं असतं आणि एकसारखं लाल होतं.

खूण अगदी बरोबर आहे. फळाच्या खांद्यावर हरितद्रव्य भरायला लावणारा एक मुकादम असतो, जीएलके-२ नावाचा. हाही वेगळ्या घराण्यातला. जुन्या काळी पैदास करणाऱ्यांना एकसारखं दिसणारं फळ हवं होतं, तोडणी केव्हा करायची ते सोपं व्हावं म्हणून. त्यांनी ते निवडलं, आणि त्याबरोबर हा मुकादम बाद झाला. कुणाला माहीत नव्हतं. २०१२ मध्ये कळलं की तो हिरवा खांदा फळातच थोडी साखर बनवत होता. सारखा रंग मिळाला, साखर गेली. चवीचं सगळं गणित एवढ्यात संपत नाही. कच्चं तोडून ट्रकात पिकवलेल्या फळाला हिरवा खांदा तरी कुठवर वाचवणार? पण काकीजी ज्या पट्ट्यावर बोट ठेवतात तो उगाच नाही.

बियाणं धरण्याचं म्हणाल तर कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतातलं बी ठेवायला, पेरायला, देवाणघेवाण करायला मुभा दिली आहे. कंपनीच्या नावाचा शिक्का मारून विकता येत नाही एवढंच. अडचण कायद्यापेक्षा गणिताची. संकरिताचं बी धरलं की माझ्या परसासारखं होतं. गावरानीचं धरलं तर जसंच्या तसं येतं, कारण भेदराचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं.

बोकड्याचं झाड काकाजींनी त्याच दिवशी संध्याकाळी उपटलं. जाळायच्या आधी एक डहाळी मला आणून दिली, शाळेतल्या पोरांना दाखवायला. काकीजींनी यंदा तीन भेदरं तोडायची नाहीत म्हणून देठाला लाल दोरा बांधून ठेवला आहे. तिन्हींचे खांदे हिरवे आहेत.